ईएन-८ची सळी आणि पॉल चेंबर्स

२००३ सालचा जुलै. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडवर पाऊस असा कोसळत होता की लेथ चालू आहे की बंद, हे चककडे बघूनच कळायचं. दुपारी एक म्हातारे गृहस्थ रिक्षातून उतरले. छत्री दाराबाहेर झटकली, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक गंजकी सळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. फूट-सव्वा फूट लांब, एका टोकाला अणकुचीदार. स्क्रूनं आवळून आवळून अंगावर खड्डे पडलेले.

"अशी नवी करून पाहिजे."

"कशाची आहे?"

"व्हायोलिनची."

मी एकदा सळीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. ते हसले आणि हात डोक्याच्या वर नेऊन म्हणाले, "मोठं असतं मरे एक व्हायोलिन. उभ्यानं वाजवायचं."

त्या सळीमुळे मी पॉल चेंबर्स या अमेरिकन जॅझ बेसवादकापर्यंत पोचलो. आता वीसेक वर्षं झाली. चेंबर्सबद्दल मराठीत काही वाचायला मिळेल म्हणून बरंच शोधलं, पदरी फारसं काही पडलं नाही. म्हटलं आपणच लिहावं.

आधी सरांबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. कॅम्पात सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणायचो. मूळ गोव्याकडचे. तरुणपणी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि रेकॉर्डिंगला वाजवलेलं, उतारवयात बेळगावात येऊन मुलांना व्हायोलिन नि पियानो शिकवायचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमाच्या संगीतात केवढं काम करून ठेवलंय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. चोर्ला घाट उतरला की गोवा, इतकं जवळ. पण तोवर माझ्यासाठी गोवा म्हणजे मासे आणि समुद्र, बास.

सळी मी ईएन-८ पोलादाच्या दहा मिलिमीटर बारमधून काढली. टोक तापवून पाण्यात मारलं, म्हणजे फरशीवर बोथट व्हायला नको. अंगावर इंचाइंचाला खाचा घेतल्या, स्क्रू त्यात नीट बसावा म्हणून. पितळेचं एक बुशही केलं, कारण जुनं भोक अंडाकृती झालं असणार असा अंदाज होता. रविवारी बसवायला कॅम्पात गेलो तर हॉलच्या कोपऱ्यात तो डबल बेस उभा. माझ्यापेक्षा उंच, पोट पुढं आलेलं, खांदे पडलेले. चाळीस वर्षं एकाच खात्यात काढलेल्या हेडक्लार्कसारखा. बेळगावच्या दमट हवेनं पोटाच्या कडेची सरसाची जोड एके ठिकाणी उकललेली. हे वाद्य आपल्या सगळ्या वजनासकट त्या एका सळीवर उभं राहतं.

सळी बसली. उंची जुळवून झाल्यावर सरांनी सगळ्यात जाड तार ओढली आणि सोडली.

कानाच्या आधी तो सूर फरशीतून तळपायाला लागला. त्या तारेची सेकंदाला ४१ कंपनं होतात, हे त्यांनी सांगितलं. मी सवयीनं साठनं गुणलं, म्हणजे मिनिटाला २४६० फेरे. आमचा बेंच ग्राइंडर मिनिटाला २८००च्या आसपास फिरतो. त्याच्या घुमाऱ्याच्या जरा खालचा सूर. मी दिवसभर ज्या आवाजात उभा असतो, तो सुरातही असू शकतो हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

मजुरी म्हणून सरांनी तीन कॅसेटी दिल्या. पैसे मिळाले असते तर घेतले असते, खोटं कशाला बोलू. एकीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'काइंड ऑफ ब्लू, १९५९'. खाली सहा नावं. त्यातल्या पॉल चेंबर्स या नावाखाली दोन रेघा.

वर्षभर ती कॅसेट मी चुकीची ऐकली. म्हणजे तबकडी ज्याची, त्या माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट ऐकला, जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्लीचे सॅक्सोफोन ऐकले, मागं पियानो टपटपतोय तो ऐकला. चेंबर्स काही सापडला नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले, "सापडेल. घाई काय आहे?"

सापडला तो गणपतीत. माझ्याकडे तीन शंकूंचा एक जुना मोठा स्पीकर होता, तो गल्लीतल्या मंडळाला दिला. नको द्यायला हवा होता. पोरांनी कुठल्या ॲम्प्लिफायरला जोडला देव जाणे, अनंत चतुर्दशीनंतर परत आला तेव्हा वरचे दोन्ही शंकू जळालेले. खालचा, खर्जातले सूर वाजवणारा बारा इंची वूफर तेवढा शिल्लक. पोरं म्हणतात, "वाजतोय की, दादा!" वाजत होता. चिडलेलोच होतो, हाताला लागली ती कॅसेट लावली. ट्रम्पेट भिंतीपलीकडच्या घरात वाजावा तसा पुसट झाला. सॅक्सोफोन जवळपास नाहीच. आणि समोर, खोलीच्या मधोमध, एक माणूस चालत होता.

दुसरा शब्द नाही. या वाजवण्याला तिकडंही चालणं असंच म्हणतात. चार मात्रांचं आवर्तन, प्रत्येक मात्रेला एक सूर, पण कुठला सूर ते ठरलेलं नाही. तबलजी ठेका धरतो, तानपुरा सा धरून ठेवतो. या माणसाकडे ही दोन्ही कामं एकदम. शिवाय पुढच्या आवर्तनात सगळ्यांना कुठं जायचंय, ती वाटही तोच सुरासुरानं दाखवत जातो. चुकला तर बाकीचे पाच जण चुकतात. बरोबर वाजवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी कारखान्यात बेअरिंग गेलंय का बघायला स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. त्या रात्री वूफरच्या खोक्याला कान लावून तसाच बसलो होतो. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली आणि मग नाद सोडला.

तर हा पॉल चेंबर्स. पूर्ण नाव पॉल लॉरेन्स डनबार चेंबर्स, ज्युनिअर. पॉल लॉरेन्स डनबार हे एका नामवंत कृष्णवर्णीय कवीचं नाव. पोराला कवीचं नाव ठेवणारं घर. जन्म २२ एप्रिल १९३५, पिट्सबर्गचा, म्हणजे पोलादाच्या गावचा. आई वारली आणि तो डेट्रॉइटला वाढला, म्हणजे मोटारींच्या गावात. उद्यमबागेत उभं राहून हे वाचताना मला उगीचच बरं वाटलं होतं.

शाळेत सवंगड्यांबरोबर त्याच्या हातात आधी बॅरिटोन हॉर्न आलं, मग ट्युबा, म्हणजे मोठा पितळी भोंगा. ट्युबाबद्दल त्यानं पुढं सांगून ठेवलंय की वाजवायला जमत होतं, पण लांबच लांब परेडींत ते धूड वाहून न्यायचं म्हणजे मोठं काम, आणि वाद्यही काही फारसं आवडत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. कारण ते धूड मी वाहिलंय.

माझे मामा लग्नाच्या बँडमध्ये होते. दिवसा शहापूर शिवारात भातशेती, लगीनसराईत आणि सणासुदीला लाल कोट. ते वाजवायचे तो सगळ्यात मोठा भोंगा. खांद्यावरून अंगाभोवती फिरलेला आणि डोक्यावर तोंड उघडून बसलेला. बँडच्या भाषेत त्याला नुसतं 'बेस' म्हणत, आणि मामांना 'बेसवाला'. क्लॅरिओनेट वाजवणाऱ्याला लोक नावानं ओळखायचे, नवरदेवाचे दोस्त त्याच्याच खिशाला नोटा लावायचे. मामांच्या खिशाला कुणी नोट लावलेली मी बघितली नाही. १९८५च्या विसर्जन मिरवणुकीत मामांचा खांदा दुखावला होता. "वाजवतो मी, तू नुसतं मधेमधे धर," म्हणून मला बरोबर नेलं. चौदा वर्षांचा होतो. हुतात्मा चौकात संध्याकाळी उभे राहिलो ते कपिलेश्वर तलावापाशी पोचेपर्यंत उजाडलं. पितळ रात्रभर दव पिऊन गार पडतं, त्याची कड मानेवर घासून घासून साल निघतं. बँड थांबला की बाकीचे वाद्य खाली ठेवून चहा प्यायचे. हे मात्र गर्दीत खाली ठेवता येत नाही, पोरं येऊन पाय देतात. मामा भोंगा अंगावर घेऊनच बशीतून चहा ओढायचे, मी बशी धरायची.

चेंबर्सही चौदाच्या आसपासच होता, १९४९च्या सुमारास, जेव्हा त्यानं ट्युबा सोडून तारांचा बेस धरला. कारण संगीताचंही असेल. मला मात्र खात्री आहे की त्यात मानेचा वाटा मोठा होता.

१९५२पासून त्यानं डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या एका बेसवादकाकडे रीतसर शिक्षण घेतलं, आणि १९५५पर्यंत अधूनमधून कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये जात राहिला. टेक्निकल हे नाव नीट वाचा. आमच्या आयटीआयसारखा हात तयार करून देणाऱ्या शाळेत पुरा सिंफनी ऑर्केस्ट्रा होता. तिथं हा बेस वाजवायचा आणि दुसऱ्या एका गटात बॅरिटोन सॅक्सोफोनही. ट्रम्पेटवाला डोनाल्ड बर्ड त्याच शाळेचा, बेसवादक डग वॉटकिन्स त्याच शाळेचा. वॉटकिन्स तर चेंबर्सच्या नात्यातला. पुढं १९६३त माइल्सच्या बँडमध्ये चेंबर्सची जागा ज्यानं घेतली तो रॉन कार्टर, तोही तिथलाच. एका शाळेनं किती बेसवाले द्यावेत! आमच्याकडे आयटीआयच्या पोराला कुणी साधी पेटी शिकवत नाही. असो, तो विषय वेगळा.

त्या काळात, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, जॅझमध्ये जे नवं वारं आलं त्याला हार्ड बॉप म्हणतात. आधी सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्कर मंडळींनी बीबॉप या जॅझच्या शैलीला इतकं वेगवान आणि अवघड करून ठेवलं होतं की ऐकणाऱ्याच्या पायाला ताल सापडेना. आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर यांनी त्याच्यात ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीयांची लोकगीतं आणि चर्चमधलं गाणं यांचा ठसका परत आणला. बुद्धी तीच, पण पाय हलायला लागले. आमच्याकडं एखादा बुवा शास्त्रीय शिकून येतो आणि एकादशीला भजनात उभा राहतो, तेव्हा टाळकऱ्यांना कसा चेव चढतो, साधारण तसं. आणि असं संगीत म्हटलं की खालचा माणूस दणकट लागतो.

चेंबर्स न्यूयॉर्कला पोचला आणि १९५५ साली विशीत माइल्स डेव्हिसच्या पंचकात दाखल झाला. कोल्ट्रेन, पियानोवर रेड गार्लंड, ड्रमवर फिली जो जोन्स. माइल्सला कोलंबिया या बड्या कंपनीकडे जायचं होतं, पण आधीच्या प्रेस्टिज कंपनीचा करार पुरा करायचा राहिला होता. म्हणून ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत त्यांनी चार तबकड्यांचा माल वाजवून दिला. कुठं, तर न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत. हे गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासायचे आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग करायचे. जगातल्या कितीतरी नावाजलेल्या तबकड्या एका चष्मेवाल्याच्या हॉलमध्ये निघाल्या. व्हॅन गेल्डरचा बेस टिपायचा हात मोठा गोड. चेंबर्सच्या बोटाचं मांस तारेवरून सुटतं तेसुद्धा ऐकू येतं.

तेव्हा आतड्याच्या तारा असायच्या, हाताला जड, आणि फळीपासून उंच. चार तारा, मधे पट्ट्यांची आडवी खूण नाही, सूर कुठं आहे ते बोटालाच ठाऊक. मी सरांकडे एकदा दहा मिनिटं प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी व्हर्निअर धरताना बोट ठणकत होतं. ही बोटं लेथवर कित्येक वर्षं घासलेली, बरं का.

आता १९५९. 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या पहिल्या चिजेवर मी जरा थांबणार आहे. ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढचा परिच्छेद गाळावा.

'सो व्हॉट' २ मार्चला ध्वनिमुद्रित झालं. सुरुवातीला पियानो आणि बेस चाचपडत एकमेकांचा हात धरतात, आणि मग बेस मुखडा म्हणतो. बाकीची वाद्यं दोन सुरांत नुसतं 'हो' म्हणतात. परत बेसची ओळ, परत 'हो'. आमच्या भजनात बुवा चरण म्हणतो आणि मागचे झेलतात, अगदी तसं. फक्त इथं बुवा म्हणजे बेसवाला! एरवी जो मागं उभा असतो त्याच्या तोंडी माइल्सनं मुखडा दिला. आणि सूर कुठले? मी पेटीवर बसवून बघितले. पांढरी दोनचा सा धरा, गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. काफी थाट. चार मात्रांची सोळा आवर्तनं त्यातच. मग आठ आवर्तनं सगळंच्या सगळं अर्ध्या सुरानं वर, काळी दोनला, थाट तोच. मग आठ परत खाली पांढरी दोनला. बत्तीस झाली की पुन्हा पहिल्यापासून. बस, एवढंच. एकाच थाटात इतका वेळ राहायचं म्हणजे तिकडच्या लोकांना नवल होतं, आपल्याला ते घरचं वाटतं. पण सा सरकतो ती जागा ऐका. चेंबर्स तिथं कसला गाजावाजा करत नाही. जिना चढताना एक पायरी जास्त निघावी तसा वर जातो, आणि आख्खं घर त्याच्याबरोबर वर जातं. माझ्या वूफरवर ते ऐकताना पहिल्यांदा अंगावर काटा आला तो याच जागी.

तबकडीचा दुसरा दिवस २२ एप्रिल. तारीख ओळखीची वाटली का? त्या दिवशी चेंबर्सला चोवीस पूर्ण झाली. वाढदिवसाला 'ऑल ब्लूज'मध्ये त्यानं सहा मात्रांचा एक छोटा तुकडा धरला आणि बराच वेळ फिरवत ठेवला. आपल्याकडे दादऱ्यात ढोलकीवाला एकच ठेका धरून बसतो, वर गाणारा काय वाटेल ते करो. तेवढा धीर चोविसाव्या वर्षी कुठून येतो मला माहीत नाही. मी त्या वयात ओव्हरटाइम चुकवून पिक्चरला जायचो.

या सगळ्यात त्याच्या स्वतःच्या नावाच्याही तबकड्या निघाल्या. ब्लू नोट कंपनीची जुलै १९५७ची 'बेस ऑन टॉप' त्यातली नावाजलेली. सोबत गिटारवर केनी बरेल, तोही डेट्रॉइटचा, पियानोवर हँक जोन्स, ड्रमवर आर्ट टेलर. पहिलीच चीज तो गजानं वाजवतो, सारंगीसारखी. बेसवर गज फिरवून बीबॉपची भराभर वाक्यं काढणं हे त्या काळात फार थोडे करत. चेंबर्सची ती खास ओळख.

आणि इथं माझं नि सरांचं भांडण. मला त्याचा गज आवडत नाही. बोटांनी वाजवतो तेव्हा जो सूर लोण्यासारखा असतो, तो गजाखाली खरखरतो, आणि वेगात कधीकधी सुरापासून केसभर ढळतो. मी कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेला माणूस. मला गाता येत नाही, पण सूर ढळला की कान टवकारतात, त्याला इलाज नाही. सर चिडायचे. "तू सारंगी ऐकतोस त्याच्यात! तो पार्कर बोलतोय पार्कर, आणि एवढ्या मोठ्या कपाटातून बोलतोय!" मग स्वतः गज घेऊन दाखवायला जायचे आणि वाद्यातून असा आवाज निघायचा की दोघंही गप्प. पण त्याच तबकडीत तो गज खाली ठेवून बोटांवर येतो तिथं मी पूर्ण शरण आहे.

सगळ्यांच्या पाठीमागं तोच. सनी रोलिन्सच्या मागं, सनी क्लार्कच्या मागं, हँक मोब्लीच्या मागं, कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'मध्ये. शंभराहून अधिक तबकड्यांवर त्याचा हात आहे. कोल्ट्रेननं १९५९च्या 'जायंट स्टेप्स'मध्ये एका चिजेला त्याचं नाव दिलं, 'मिस्टर पी.सी.' बारा आवर्तनांचा ब्लूज, वेग भन्नाट. तिचा आनंद असा की ज्याच्या नावाची चीज, तोच तिच्यात बेस वाजवतोय. स्वतःच्या वरातीत स्वतःच बँड वाजवावा तसं. आज जगभरातली नवशिकी पोरं ती चीज घोटतात. निम्म्यांना पी.सी. कोण ते माहीत नसेल.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण तिथं रेंगाळायला मला आवडत नाही. दारू होती, हेरॉइन होतं. ५ फेब्रुवारी १९६२ला डग वॉटकिन्स ॲरिझोनात मोटार अपघातात गेला, सत्तावीस वर्षांचा. १९६३त माइल्सची साथ सुटली. पियानोवाला विंटन केली आणि ड्रमवाला जिमी कॉब यांच्याबरोबर चेंबर्सनं त्रिकूट चालवलं. १९६५त न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात गिटारवाल्या वेस माँटगोमेरीबरोबर त्यांनी जे वाजवलंय ते ऐका, हा माणूस आतून पोखरलाय असं कुठल्याच सुरात वाटत नाही. १९६८त दवाखान्यात दाखल केलं तेव्हा आधी साधा फ्लू वाटला, तपासलं तर क्षय. ४ जानेवारी १९६९ला गेला. वय ३३.

बेसला पहिल्यांदा एकट्यानं बोलायला शिकवणारा ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला जिमी ब्लँटन, तोही क्षयानंच गेला होता. १९४२ साली, तेविसाव्या वर्षी. तेव्हा औषध नव्हतं. चेंबर्सच्या वेळी होतं. पण गोळी लागू पडायला खाली शरीर शिल्लक असावं लागतं.

मामांनाही क्षय झाला होता, १९९१त. सहा महिने गोळ्या. लघवी लाल व्हायची म्हणून पहिल्या आठवड्यात ते घाबरून गोळ्या बंद करायला निघाले होते. मामींनी रोज सकाळी समोर उभं राहून गिळायला लावल्या. बरे झाले. बँड मात्र सुटला तो सुटलाच. तो भोंगा बँडमालकानं मोडीत घातला की दुसऱ्या कुणाला विकला, कुणी सांगितलं नाही. वीस वर्षांचा शेवटचा हिशेब पुरा झाला नाही, त्याबद्दल मामा आजही बोलत नाहीत, मामी बोलतात.

सर २०११त गेले. त्यांच्या मुलीनं बेस गोव्यातल्या एका शिकणाऱ्या पोराला देऊन टाकला. टेम्पोत चढवताना मी होतो. सळी आत ढकलून स्क्रू आवळला, जुन्या गोधडीत गुंडाळला.

मागच्या दिवाळीत येळ्ळूरला मामांकडे गेलो होतो. आता पंच्याहत्तरी ओलांडली. कट्ट्यावर बसलो होतो, मी फोनवर हळू आवाजात 'मिस्टर पी.सी.' लावलं होतं.

"काय ऐकालास रे?"

त्यांच्या कानाला इअरफोन लावला. कोल्ट्रेन तिकडं आकाशपाताळ एक करत होता. मामांची नजर समोरच्या भातावर, आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर. कोल्ट्रेनबरोबर तो नव्हताच. एकदोन आवर्तनं चुकला, मग सापडला, आणि शेवटपर्यंत चेंबर्सबरोबर चालला. संपल्यावर इअरफोन काढून परत दिला.

"बेसवाला चांगला हाय की."

मी म्हटलं, "याच्या आधी तुमच्यासारखाच भोंगा वाजवायचा, मामा. परेडीत. वाहून कंटाळला."

"मग आता काय वाजवतोय हे?"

मी हातानं आकार दाखवला. मामांनी तो नीट बघून घेतला.

"वजन?"

"दहा किलोच्या आसपास. पण खाली सळी असते. त्याच्यावर उभा करायचा."

"जमिनीवर?"

"जमिनीवर."

मामांनी मान हलवली, मानेच्या मागं जुन्या जागी हात फिरवला. "मग बेस हाय बाबा," म्हणाले, आणि मामींना चहा टाकायला सांगितला.